पहिली रायफल आणि खांद्याला बसणारा धक्का

अमेरिकेतल्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी? (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हाच आहे, तेव्हा हे तिथल्यापुरतंच.)

तिथे पहिलं नाव निघतं .३०-०६ चं. ‘.३०’ म्हणजे गोळीची जाडी, इंचात. ‘०६’ म्हणजे १९०६ साल. काडतूस उत्तम, पण धक्का जबरदस्त. दहा-बारा बार झाले की नवशिका चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. मग गोळी फुप्फुसांऐवजी पोटात लागते, आणि ते जनावर झाडीत शिरून तासन्‌तास तडफडतं. म्हणून मी .२४३ विंचेस्टर सांगेन. पुंगळी .३०८ चीच, फक्त गळा आवळलेला. धक्का .३०-०६ च्या जवळपास निम्मा, आणि व्हाइटटेल हरणाला १०० ग्रेनची गोळी पुरते.

गोळी मात्र मऊ टोकाची, आत शिरून पसरणारीच घ्या. सरावाची स्वस्त, पूर्ण आवरणाची गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण जखमी होऊन पळतं.

आणि हो, पैसे देण्याआधी राज्याचा नियम बघा बरं का. ओहायोत हरणासाठी सरळ पुंगळीचीच रायफल-काडतुसं चालतात. तिथे .२४३ बाद; .३५० लेजंड घ्यावी.