मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार : वऱ्हाडच्या संदर्भात

एखादी नवी वस्तू यापुढे कोठे रुजेल हे आधी सांगता येईल काय, या प्रश्नाचा विचार कृषि-अर्थशास्त्राने पूर्वीच केलेला आहे. अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास करून झ्वी ग्रिलिखेस यांनी १९५७ साली असे दाखविले की, प्रसाराचा प्रारंभ, वेग आणि मर्यादा या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजावयास हव्यात. वेग व मर्यादा बहुतांशी शेतकऱ्याच्या लाभावरून ठरतात; प्रारंभ मात्र बियाणे विकणाऱ्याच्या हिशेबावर अवलंबून असतो. आयोवात मक्याची बाजारपेठ दाट, म्हणून विक्रेते तेथे प्रथम पोहोचले. अलाबामास वाट पाहावी लागली.

ज्याची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते अशा सॉफ्टवेअरला हा नियम लावू गेल्यास पहिलीच अडचण अशी की, येथे नेहमीच्या अर्थाचा विक्रेता नाही. ही अडचण किती मोठी आहे, हे वऱ्हाडातील कपाशीवरून कळते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या 'एकेए-७' यासारख्या सरळ वाणाची सरकी घरी राखून शेजाऱ्यास देता येते. संकरित सरकी दरवर्षी विकत घ्यावी लागते. तरीही शिवारे भरली ती संकरित बियाण्याने, आणि २००२ मध्ये बीटी कपाशीस मान्यता मिळाल्यावर तर विशेषच. बोंडअळी हे त्याचे कारण होतेच. परंतु गावोगावचा दुकानदार त्या बियाण्याची शिफारस करीत होता, हेही कारण लहान नव्हे. फुकट मिळते ते आपोआप पसरते, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी लागते.

मग विक्रेत्याची जागा कोण घेते? उपलब्ध उदाहरणे संस्थेकडे बोट दाखवितात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधांची संगणकीय प्रत आवश्यक ठरविली आणि 'शोधगंगा' या भांडारामार्फत 'डीस्पेस' ही मुक्त प्रणाली देशभरच्या विद्यापीठांच्या वापरात आली. (खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स असते खरे, पण तो कोणी निवडलेला नसल्याने या हिशेबात धरणे रास्त नाही.)

अधिक बोधक उदाहरण नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या या प्रकल्पाच्या १५ जिल्ह्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते. गावाचा पाण्याचा ताळेबंद काढण्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने 'क्यूजीआयएस' या मुक्त नकाशाप्रणालीस जोडावयाचे एक साधन तयार केले. रोजचा पाऊस, मातीचा पोत व खोली, जमिनीचा उतार आणि पिकाची गरज यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले आणि पिकास किती कमी पडले, हे ते सांगते. येथे आदेश, निधी आणि दुरुस्ती करणारे हात एकत्र आले होते. परवान्याचा खर्च वाचणे हा त्यामानाने गौण लाभ होय.

याच कसोटीने अमरावतीच्या छपाई व अक्षरजुळणीच्या दुकानांत मुक्त प्रणाली लवकर शिरेल असे दिसत नाही. तेथील जुन्या धारिका युनिकोडपूर्व टंकांत बांधलेल्या असतात. प्रणाली बदलली की वर्षांचा संग्रह अवाच्य होतो. उलट, महाविद्यालयीन ग्रंथालयांत २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या 'कोहा'ला वाव अधिक आहे, कारण ग्रंथनोंदींचे स्वरूप प्रमाणित असते व त्या एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात. मात्र ग्रंथपालाची बदली वा निवृत्ती झाल्यावर ती सांभाळणारा दुसरा माणूस महाविद्यालयात असला पाहिजे; तो नसेल तेथे हे अनुमान चुकेल.

सर्वांत प्रबळ अपेक्षा पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याकडून धरता येते. तेथे मुरलेले पाणी विहिरीत येते, पण क्षारांमुळे ते ओलितास बहुधा निरुपयोगी ठरते. इतरत्र जमेच्या बाजूस पडणारा आकडा या भागात तसाच जमा धरून चालत नाही. ताळेबंदाचे सूत्रच बदलावे लागेल, आणि ते बंद प्रणालीत अकोल्याच्या अभ्यासकास बदलता येणार नाही.