कंपवात आणि क्षीण होणारा आवाज

ज्यांचा शब्द एके काळी वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोहोचत असे, असे एखादे निवृत्त गुरुजी हळूहळू पुटपुटल्यासारखे बोलू लागतात. घरच्यांना प्रत्येक वाक्य दोनदा विचारावे लागते. गुरुजींची तक्रार मात्र अशी की, अलीकडे घरच्यांनाच कमी ऐकू येते. पुढे ते बोलणेच टाळतात आणि ‘वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच’ असे म्हणून विषय संपविला जातो. कंपवात जडलेल्या अनेकांच्या बाबतीत हेच घडते. वस्तुतः या क्षीण होणाऱ्या आवाजावर उपचार आहे. तो वेळीच सुरू होणे मात्र आवश्यक असते.

दोषाचे मूळ मेंदूत

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावावरून त्यास पार्किन्सनचा आजार असेही म्हणतात. या विकारात मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. परिणामी स्नायू ताठरतात आणि हालचाली मंद व आखूड होतात. पावले जवळजवळ पडू लागतात, हस्ताक्षर बारीक होत जाते, त्याच रीतीने आवाजही लहान होतो. श्वासाचा जोर कमी पडतो, स्वरतंतू पूर्णपणे मिटत नाहीत, जीभ व ओठ पुरेसे हलत नाहीत. चेहऱ्यावरील भावही मंदावल्यामुळे अशी व्यक्ती उदासीन किंवा तुसडी झाली आहे, असा गैरसमज होतो. अमेरिकेत १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या पाहणीत ८९ टक्के रुग्णांमध्ये आवाजाचे दोष आढळले होते.

आपला आवाज बारीक झाला आहे, हे बहुधा रुग्णाला स्वतःला जाणवत नाही, ही यातील मुख्य अडचण होय. तो पूर्वीइतक्या आवाजात बोलला, तर आपण ओरडत आहोत असे त्याला वाटते. लेव्होडोपासारख्या औषधांनी हातापायांच्या हालचालींत सुधारणा होते, परंतु बोलण्यावर त्यांचा तितका खात्रीचा परिणाम दिसत नाही. म्हणूनच औषधाच्या जोडीला वाचोपचाराची गरज असते.

उपचाराची पद्धत

अमेरिकेत लोरेन रॅमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात एक पद्धत विकसित केली. ली सिल्व्हरमन या कंपवाताच्या महिला रुग्णाचे नाव तिला देण्यात आले. तिचे सूत्र एकच : ‘मोठ्याने बोला.’ आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे उपचार चालतात. दीर्घ श्वास घेऊन ‘आ’ हा स्वर शक्य तितका वेळ मोठ्याने धरणे, स्वर चढविणे व उतरविणे, ‘औषधाची वेळ झाली का?’ यांसारखी नित्याची दहा वाक्ये मोठ्याने म्हणणे, त्यानंतर वाचन आणि संभाषण, असा क्रम असतो. नवा आवाज हाच आपला नेहमीचा आवाज, हे मेंदूला पुन्हा शिकविणे हा या सरावाचा हेतू होय. म्हणून घरी रोज सराव करणे आणि उपचार संपल्यावरही तो चालू ठेवणे अगत्याचे असते. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत तेथील नेहमीच्या वाचोपचारापेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

सराव सुरू करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून घसा तपासून घेणे इष्ट असते. जेवताना ठसका लागणे किंवा लाळ गळणे ही लक्षणेही वाचोपचारतज्ज्ञास सांगावीत. अन्नाचे कण श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसदाह होण्याचा धोका असतो.

समाजाची जबाबदारी

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या क्षेत्रात कार्य करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कंपवाताचा समावेश असून, वैद्यकीय तपासणीनंतर पात्र व्यक्तीस दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ही माहिती गावोगावी पोहोचविणे हे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना सहज शक्य आहे.

ऐकणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. बोलताना दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसून ऐकावे, वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे. रुग्णाचे वाक्य इतरांनी पूर्ण करू नये. ग्रामसभेत अशी व्यक्ती उपस्थित असल्यास तिला पुढे बसवून ध्वनिवर्धक द्यावा. कार्यालयात अर्ज घेऊन आलेल्या अशा नागरिकास घाई करू नये. आयुष्यभर गावाला चार गोष्टी सांगणाऱ्या माणसाचे म्हणणे केवळ ऐकू येत नाही म्हणून विचारात घेतले जाऊ नये, असे होता कामा नये.