हातच्या कांकणाला आरसा नको, पण मनगटाला कॅमेरा हवा!

मनगट मुरगळलं, क्रेप बँडेज गुंडाळलं, विषय संपला? थांबा! कधी कधी खरी स्टोरी तिथूनच सुरू होते.

माहीत आहे का? मनगटात 8 चिमुकली हाडं असतात. त्यांतल्या मधल्या ल्युनेटला एकही स्नायू जोडलेला नाही! त्याचा सगळा भरवसा शेजाऱ्यांशी बांधून ठेवणाऱ्या लिगामेंट्सवर.

शेजारच्या स्कॅफॉइडशी बांधणारं लिगामेंट तुटलं की दोघांमध्ये फट पडते. एक्स-रेवर ती 3 मिलिमीटरच्या वर दिसली की संशय पक्का होत जातो. या फटीला डॉक्टरांनी नाव कुणाचं दिलं? टेरी-थॉमसचं! पुढच्या दातांमधल्या फटीसाठी फेमस असलेला ब्रिटिश विनोदी नट.

गंमत पुढेच आहे. हात सैल असला तर फट कधी कधी दिसतच नाही. मग पेशंटला मूठ आवळायला लावून एक्स-रे काढतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? इथे आवळलेली मूठच बिंग फोडते!

तरीही चकवा? मग आर्थ्रोस्कोपी. बोटं जाळीदार टोप्यांत अडकवून हात उभा टांगतात, सांधा ताणून मोकळा करतात आणि 1.9 ते 2.7 मिलिमीटरचा कॅमेरा आत सरकवतात. बारीक आकडीनं लिगामेंट ओढून बघतात, सैल आहे की फाटलंय. वर्षानुवर्षं ‘काही नाही हो, लचक आहे’ ऐकलेल्या पेशंटला दुखण्याचं नाव मिळतं. मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं!

आता हात पुढे करा. अंगठा करंगळीला टेकवा, मनगट आत वाकवा. मधोमध दोरी उठली? ती पामॅरिस लाँगस. कित्येकांना ती जन्मतःच नसते आणि काही अडतही नाही. म्हणून तर सर्जन हाडात बोगदे पाडून याच दोरीचं नवं लिगामेंट ओवतात. स्पेअर पार्ट, तोही घरचाच!

सांधा फारच झिजलाय? एका ऑपरेशनमध्ये चक्क 3 हाडं काढून टाकतात आणि मनगट तरीही हलतं. दुसऱ्यात दुखण्याची खबर नेणारे बारीक मज्जातंतूच कापतात. वेदना सायलेंट मोडवर!

कृत्रिम मनगट नवं वाटतं? बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुकनं 1890 मध्येच बसवलं होतं, हस्तिदंताचं!

आणि टेनिसपटू हुआन मार्तिन देल पोत्रो? डाव्या मनगटावर 2014-15 मध्ये 3 ऑपरेशन्स. दोन हातांचा बॅकहँड दुखायचा, तर पठ्ठ्यानं एका हाताच्या स्लाइसवर भर दिला. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जोकोविच गारद, नदाल गारद, गळ्यात रौप्यपदक!