इंजिनाची अंतःशुद्धी

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या सीमाभागातील तालुक्यांत शेतकऱ्याचा संसार बैलजोडीइतकाच इंजिनावरही अवलंबून असतो. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि पुढे डिझेल इंजिनाचा आवाज खेडोपाडीच्या विहिरींवर ओळखीचा झाला. आज विहिरीवर बहुधा विजेची मोटार असते. परंतु नांगरटीपासून ऊसवाहतुकीपर्यंतचा भार वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या पोटात डिझेल इंजिनच असते.

हे इंजिन कधी ऐन पेरणीत ठोके देऊ लागते व बंद पडते. मिस्त्री ते खोलतो आणि 'बेअरिंग गेले' असे सांगतो. क्रँक घासून घेतात, नवी बेअरिंगे घालतात, इंजिन पुन्हा बांधतात. आणि थोड्याच दिवसांत तेच ठोके पुन्हा ऐकू येतात. शेतकरी नशिबाला बोल लावतो, मिस्त्री बेअरिंगच्या बनावटीला. पुष्कळदा दोष दोहोंचाही नसतो. पुन्हा वापरलेल्या जुन्या भागांच्या पोटात राहून गेलेली घाण हेच खरे कारण असते. ही घाण कोठून येते, कोठे दडते आणि ती कशी काढावी, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम बेअरिंगचे कार्य पाहू. क्रँक ज्या अर्धगोल पट्ट्यांत फिरतो त्या पट्ट्या म्हणजे बेअरिंगे. क्रँक त्यांवर घासत फिरतो असे वाटते. वस्तुतः तो तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. १८८३ साली टॉवर नावाच्या इंग्रज अभियंत्याने एका बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तेव्हा त्यातून तेल वर उसळू लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केले, तर तेलाने ती खुंटीही बाहेर ढकलली! फिरणारा दांडाच तेलाला अरुंद फटीत ओढून नेतो आणि त्या दाबावर स्वतः उचलला जातो, असा त्याचा अर्थ होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले.

आता हा थर किती पातळ? दांड्याचा व्यास ५० मिलिमीटर असेल, तर तेलासाठी ठेवलेली मोकळीक साधारण ०.०५ मिलिमीटर असते. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. भार पडला की सर्वांत अरुंद जागी थराची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांवर येते. त्याहून मोठा कठीण कण तेथे शिरला, तर तो दोन्ही पृष्ठभागांना ओरखडतो. बेअरिंगचा वरचा थर मऊ धातूचा करतात, त्याचे एक कारण हेच की, बारीकसारीक कण त्यात रुतून निरुपद्रवी व्हावेत. परंतु अशा रुतण्यालाही मर्यादा आहे.

बेअरिंग जाते तेव्हा हाच मऊ थर खरवडला जातो. त्याचा चुरा तेलात मिसळतो आणि ऑईल पंप तो इंजिनभर फिरवतो. गाळणी तुंबली की तेल थांबू नये म्हणून पुष्कळ इंजिनांत एक आडवाट ठेवलेली असते. तीतून हा चुरा न गाळता पुढे जातो. चुरा शोधण्यास लोहचुंबकाचाही भरवसा नाही, कारण कथील, शिसे, तांबे, ॲल्युमिनियम यांना तो ओढत नाही.

तो दडतो कोठे, हे समजण्यास बीदरच्या विद्यार्थ्याला दूर जावयास नको. नौबादजवळची सुरंगबावी पाहा. बहमनी काळातील हा भूमिगत जलमार्ग. वर ठिकठिकाणी उभी विवरे आणि खाली अंधारातून वाहणारे पाणी. वरची जमीन कितीही झाडली तरी आतला गाळ हलत नाही. त्यासाठी विवरांतून खाली उतरावे लागते. इंजिनाचेही तसेच आहे. ब्लॉकमध्ये आणि क्रँकच्या अंगात तेलाच्या नळ्या कोरलेल्या असतात आणि त्यांची तोंडे कित्येक ठिकाणी बुचांनी बंद केलेली असतात. बाहेरून डिझेल ओतून ब्लॉक चकचकीत दिसतो. बुचांमागचा गाळ मात्र तेथेच राहतो आणि इंजिन सुरू होताच तेलाबरोबर सरळ नव्या बेअरिंगवर येतो.

यास्तव शुद्धी तेलाच्या वाटेनेच करावी. तेलाचे चेंबर आणि त्यातील जाळी धुवावी. ऑईल पंप खोलून त्याचे दाते तपासावेत; खोल ओरखडे असतील तर पंप बदलावा. दाब सोडणारी झडप काढून तीही साफ करावी, कारण एक कण अडकला तरी ती उघडी राहते व तेलाचा दाब पडतो. ब्लॉकची व क्रँकची बुचे काढून प्रत्येक नळीतून लांब दांड्याचा ब्रश रॉकेल घालून फिरवावा, मग कॉम्प्रेसरची हवा मारावी. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. कनेक्टिंग रॉडमधील भोक, पिस्टनच्या तेलरिंगच्या खाचेतील भोके आणि रॉकरचा पोकळ दांडा विसरू नये. फिल्टर नवाच घालावा. तेल थंड करणारा कूलर असेल, तर त्याच्या अरुंद वाटा पूर्ण साफ झाल्याची खात्री होणे कठीण. तो बदलणेच श्रेयस्कर.

धुण्याच्या द्रव्यांतही विवेक हवा. पेट्रोलची वाफ क्षणात पेट घेते, ते वर्ज्य. कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, पण ॲल्युमिनियमचा पिस्टन खातो. लायनर घासून घेतल्यावर त्याच्या बारीक रेघांत घासणदगडाची कणी उरते. रॉकेलने ती नीट सुटत नाही, तेथे साबणाचे गरम पाणी व ब्रशच लागतो. पांढरे फडके आतून फिरवावे आणि ते स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. मग लगेच कोरडे करून तेल लावावे, नाहीतर तासाभरातच तांबेरा धरतो. पुसण्यास सूत सुटणारी चिंधी वापरू नये. तो धागाही तेलाची वाट अडवतो.

बांधणी झाल्यावरही घाई नको. बुचे पुन्हा बसली की नाहीत ते मोजून पाहावे. बेअरिंगांना बांधतानाच तेल लावावे. डिझेल बंद ठेवून इंजिन आधी नुसते फिरवावे आणि तेलाचा दाब दिसल्यावरच ते सुरू करावे. थोडे चालल्यावर पहिले तेल व फिल्टर बदलावेत. तेलाच्या एका डब्याचा खर्च क्रँक पुन्हा घासण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

या साऱ्या कामाला एखादा दिवस अधिक लागतो, आणि पेरणी खोळंबलेली असताना तो दिवस फार मोठा वाटतो. परंतु वाफसा निघून गेल्यावर दुसऱ्यांदा बंद पडलेले इंजिन सारा हंगामच घेऊन जाते. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरचे इंजिन कधी खोलले गेले, तर मिस्त्रीदादांना नम्रपणे एवढेच विचारा : 'दादा, क्रँकची बुचे काढली का?' जाणता कारागीर या प्रश्नाने रागावणार नाही. उलट तुम्हांला जवळ बोलावून त्या बुचांमागून काय निघाले ते दाखवील.