सरासरी ५४.२० आणि ५३.७८ : दोन खेळाडूंची तुलना करायची कशी?

(निलंगा येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

समोर पालक आहेत, क्रीडाशिक्षक आहेत, मागं कॉलेजची पोरं उभी आहेत. लातूर जिल्ह्यात येऊन टक्केवारीवर बोलणं म्हणजे धाडसच. ‘लातूर पॅटर्न’ आपलाच! म्हणून आज टक्के सोडून सरासरीवर बोलू.

दोन फलंदाज सांगतो. नावं नंतर. पहिल्याची कसोटीतली सरासरी ५४.२०, दुसऱ्याची ५३.७८. कोण भारी? ‘पहिला’ असा आवाज आला, बरोबर आहे. पहिला विनोद कांबळी. दुसरा सचिन तेंडुलकर.

हसलात ना? पण गणित चुकलेलं नाही. विनोदच्या १७ कसोट्यांत १०८४ धावा, सचिनच्या २०० कसोट्यांत १५,९२१. सरासरी म्हणजे धावांना बाद झालेल्या वेळांनी भागायचं. माणूस परीक्षेला किती वेळा बसला, हे त्या उत्तरात दिसतच नाही.

आता विनोदचे ते ५४.२० जरा फोडून बघू. पहिल्या सात कसोट्यांत त्यानं आठ डाव खेळले. १६, नाबाद १८, ५९, मग १९९३ च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पुढच्याच डावात दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. नंतर श्रीलंकेत १२५, ४ आणि १२०. बेरीज ७९३, सरासरी ११३ च्या वर. सचिनला कसोटीतलं पहिलं द्विशतक करायला १९९९ साल उजाडलं, हे लक्षात असू द्या. उरलेल्या दहा कसोट्यांत मात्र विनोदचे १३ डाव, २९१ धावा, सरासरी जेमतेम २२. म्हणजे ५४ चा फलंदाज असा कधी नव्हताच. एक ११३ चा होता आणि एक २२ चा. दोघांना एका पोत्यात घातलं की ५४ निघतात.

दुसरी गोष्ट, धावा कुठं झाल्या? विनोद देशाबाहेर फक्त चार कसोट्या खेळला, तीन श्रीलंकेत आणि एक न्यूझीलंडमध्ये. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज या चार देशांत एकही नाही. सचिननं १९९२ मध्ये पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर ११४ केल्या तेव्हा तो १८ वर्षांचा होता. तो ११४ चा आकडा वानखेडेच्या २२४ च्या निम्माच आहे. पण निवड करायला बसलो तर मी पर्थच्या डावाला जास्त गुण देईन.

मात्र इथं स्वतःलाही पकडलं पाहिजे. आठ डावांवरून विनोदला महान म्हणायचं नाही, असं मी म्हणतोय. मग १३ डावांवरून त्याला संपलेला कसं म्हणायचं? नियम दोन्हीकडं सारखा लावा की! त्याची शेवटची कसोटी १९९५ च्या नोव्हेंबरात कटकला झाली. वय २३. स्टीव वॉला पहिल्या शतकासाठी २७ वी कसोटी यावी लागली, तोवर ऑस्ट्रेलियानं त्याला सांभाळलं. त्यानं पुढं दहा हजारांवर धावा केल्या. पोराच्या अंगात काय आहे एवढ्यावर भागत नाही. संधी किती मिळणार, हाही ‘क्षमता’ या शब्दाचाच भाग आहे. विनोदच्या पुढच्या आयुष्याबद्दल लोक फार बोलतात. मी बोलणार नाही, आकड्यांतून ते कळत नाही.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडं येतो. १९८८ चा फेब्रुवारी, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमाची ती ६६४ धावांची अभंग भागीदारी. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. वर विनोदनं ३७ धावांत सहा बळीही घेतले. त्या दिवशी नुसता स्कोअरबोर्ड हातात असता आणि एकच पोरगं निवडायचं असतं, तर आपण सगळ्यांनी विनोदला निवडलं असतं. मीसुद्धा.

पण जन्मतारखा बघा. विनोद १८ जानेवारी १९७२, सचिन २४ एप्रिल १९७३. पंधरा महिन्यांचा फरक! एकानं सोळा पूर्ण केलेले, दुसऱ्याला पंधरा पूर्ण व्हायला अजून दोन महिने. चाळिशीत पंधरा महिने म्हणजे काहीच नाही. चौदा-पंधराव्या वर्षी त्यात उंची येते, खांदे येतात, दम येतो. २३ धावांचा फरक या पंधरा महिन्यांपुढं ठेवून बघा, तो उरतच नाही.

मी एकदा तालुक्याच्या संघनिवडीला बसलो होतो. दोन पोरं, जागा एक. एक अंगानं थोराड, फटका सीमेपार. दुसरं बारकं, पण बॅट सरळ यायची. मी थोराड घेतलं. पाच मिनिटांत निकाल! वय विचारलं नाही, फॉर्मवर जन्मतारीख लिहिलेली होती तरी. बारकं लेकरू वर्षानं लहान निघालं. ते पुन्हा मैदानावर दिसलं नाही.

तेव्हापासून वहीत तीन रकाने आखतो. धावा किंवा गुण, जन्मतारीख, आणि समोर कोण होतं. बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो, सगळीकडं चालतं. गेल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहिला तर अजून बरं, पोरगं वाढतंय का थांबलंय ते कळतं.

त्या भागीदारीच्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता. त्याची पाळी आलीच नाही. नाव अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारताकडून एकही सामना नाही. २०२५ मध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. त्याला कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

बरं, प्रश्न घेऊ. माइक जरा मागं द्या, त्या सरांचा हात कधीचा वर आहे.