वाटाण्याचा महिना, एका मिनिटात

मुंबईत गिरगावात ठाकूरद्वारहून चर्नी रोडला चालत जायला फार वेळ लागत नाही. तिथल्या इस्माईल बिल्डिंगमध्ये दादासाहेब फाळक्यांचं बिऱ्हाड होतं. 1912 च्या एप्रिलमध्ये ते लंडनहून परतले, तिथे विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून. पुढे दादरला मथुरा भवनात मुक्काम हलवला. सिनेमाला पैसा लावायला कुणी धजेना. मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर नट नव्हे, वाटाण्याची कुंडी ठेवली. त्या फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’.

महिनाभराची वाढ मिनिटात दाखवायची युक्ती साधी आहे. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा फ्रेम घेत आणि त्याच वेगाने दाखवत. दाखवण्याचा वेग तोच ठेवून घेताना मधलं अंतर वाढवलं, की डोळ्याला कधीच न दिसणारी हालचाल दिसू लागते. घड्याळाचा तासकाटा सरकताना कुणी पाहिलाय? पण दर तासाला एक फोटो काढून ते सगळे भरभर पाहिले तर तो पळतो.

सांगतात असं, की महिन्याहून अधिक दिवस रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली. हा हिशेब काही जुळत नाही. तीस फ्रेम दोन सेकंदांत संपतात! मिनिटाला हव्यात 960. म्हणजे तीस दिवस धरले तर दिवसाला 32, दर पाऊण तासाला एक, रात्रीसुद्धा. फक्त उजेडी बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी. ‘रोज एक’ ही सांगोवांगीची गोष्ट असावी; खरी मेहनत तिच्याहून बरीच मोठी.

शिवाय हँडलची भानगड. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सहसा एका फेरीत आठ फ्रेम पुढे सरकत. इथे एकेकच हवी. कॅमेरा आणि कुंडी केसभरही हलता कामा नये, नाहीतर पडद्यावर वेल उडी मारते. ऊन बदललं की चित्र लुकलुकतं, म्हणून चाळीच्या गॅलरीपेक्षा एकसारख्या दिव्याची खोली बरी.

इतकं सांभाळल्यावर दिसतं काय? शेंडा सरळ वर जात नाही, गोल फिरत चाचपडतो. तणावेही आधार शोधत घिरट्या घालतात. डार्विनने हे काचेवर ठिपके मांडून टिपलं होतं. वाटाण्याच्या एका घेऱ्याला साधारण दीड-दोन तास लागतात. पाऊण तासाला एक फ्रेम घेतली तर घेऱ्यात जेमतेम दोन-तीन ठिपके मिळतील. घिरटी नीट हवी असेल तर दर पाच मिनिटांनी घ्या.

फाळक्यांची फिल्म पाहून नाडकर्णी आणि देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. 3 मे 1913 ला गिरगावच्याच कॉरोनेशन थिएटरमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आज मोबाइल हे काम आपोआप करतो. कुंडीला पाणी मात्र दोन फ्रेमच्या मधल्या वेळात घाला. नाहीतर वेलीच्या मध्येच क्षणभर तुमचा हात भुतासारखा उगवेल.