पार्सल भिवंडीत पोचलंय!

दिवसा गोदामात स्कॅनर, रात्री कादंबरी. मुलांसाठी लिहिणाऱ्यांची नोकरी, पगार आणि पहाटेचे दोन तास यांचा हा हिशोब.

तुम्ही ऑनलाइन काहीही मागवा. बूट, मिक्सर, योगा मॅट. ट्रॅकिंग उघडलं की एक गाव हमखास दिसतं : भिवंडी. मुंबई-ठाण्यातल्या निम्म्या जनतेने भिवंडी प्रत्यक्षात कधी पाहिली नसेल, पण दिवसातून चार वेळा मोबाइलवर ती बघितलेली असते. परवा मीही अशीच रिफ्रेश-रिफ्रेश करत बसले होते. भाच्यासाठी ‘फास्टर फेणे’ची पुस्तकं मागवली होती आणि पार्सल माणकोलीजवळच्या कुठल्याशा गोदामात ठाण मांडून बसलं होतं.

वैतागून एका मित्राला फोन लावला. तो तिथल्याच एका गोदामात शिफ्ट इन्चार्ज आहे. (पार्सल त्याच्या गोदामात नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्यापासून त्याला सगळ्यांचे फोन!) रोज कल्याणहून बाइकने निघायचं, दुर्गाडीचा पूल, कोनगाव, मग कंटेनरच्या रांगेत स्वतःला कोंबत भिवंडी. नऊ तास खोकी, बिन, स्कॅनर, टार्गेट. आणि रात्री साडेदहानंतर? रात्री साहेब लहान मुलांची कादंबरी लिहितात. मोबाइलवर. सात प्रकरणं झालीत. मधूनमधून कविताही पाडतो. ‘पाडतो’ हा शब्द त्याचाच.

कादंबरीतला हिरो अकरा वर्षांचा, भिवंडीतल्या यंत्रमागाच्या वस्तीत राहणारा. त्याला नुसत्या खटखटीवरून कळतं की कुठला माग कुणाचा. एका रात्री एक माग मध्येच थांबतो आणि गोष्ट सुरू होते. मी वाचलंय. सही आहे, एकदम सही!

तर त्या दिवशी पार्सलचं राहिलं बाजूला. तो म्हणाला, ‘‘अगं, राजीनामा टाइप करून ठेवलाय. ड्राफ्टमध्ये आहे. पाठवू का?’’

आता आली का पंचाईत! ‘फॉलो युवर ड्रीम्स’ म्हणायला आपलं काय जातं? हप्ता त्याच्या खात्यातून जातो, आपल्या नाही. म्हणून म्हटलं, थांब जरा. तुझ्याआधी ज्यांनी हे काम केलंय त्यांनी पोट कसं भरलं ते बघू.

मॅगझिन काढणारा माणूस

सुरुवात अर्थातच भा. रा. भागवतांपासून. भास्कर रामचंद्र भागवत. जन्म १९१०चा, इंदूरचा. फास्टर फेणेचे जन्मदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचं आधीचं करिअर बघितलंत तर आजच्या भाषेत तो चक्क स्टार्ट-अपवाला माणूस निघतो. आकाशवाणीची नोकरी केली, सोडली. आणि १९५१ साली, वयाच्या चाळिशीत, पत्नी लीलावती भागवत यांच्यासोबत मुलांसाठी मासिक काढलं, ‘बालमित्र’. ज्या वयात लोक फ्लॅट बुक करतात त्या वयात!

मासिक काढणं म्हणजे काय, हे पगारदार माणसाला पटकन कळत नाही. कागद आणायचा, छापखान्याचं बिल भागवायचं, चित्रकाराला पैसे द्यायचे, वर्गणीदारांची नावं लिहायची, टपालाची तिकिटं लावायची आणि या सगळ्यात अंक रिकामा राहू नये म्हणून स्वतःच धपाधप लिहायचं. मोठ्यांच्या मासिकात कविता कमी पडली तर जाहिरात टाकता येते. मुलांच्या मासिकात जाहिरात देणार कोण? मुलांच्या खिशात पैसे नसतात, ही या धंद्यातली मूळ गोची. वाचणारा एक, विकत घेणारा दुसरा. आणि विकत घेणाऱ्याला वाटतं की याच पैशात गाईड आलं असतं. ‘बालमित्र’ काही वर्षं चाललं, नंतर बंद पडलं.

पण मजा बघा. मासिक थांबलं, लिहिण्याची सवय थांबली नाही. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला तो असा, की पोरांना वाटावं हा व्हर्न सदाशिव पेठेतच राहत असणार. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. नुसती नावं वाचा! ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ म्हणजे धूमकेतूवर राहायला गेलेल्यांचा पोस्टाचा पत्ताच की. कुठल्याही कॉपीरायटरला हेवा वाटावा असं टायटल आहे.

आणि हा व्हर्न तरी कोण? कादंबऱ्या गाजण्याआधी तो पॅरिसच्या शेअरबाजारात दलाली करत होता. पहाटे उठून लिहायचं, मग बाजारात जायचं. १८६३ मध्ये बलूनवरची पहिली कादंबरी चालली, प्रकाशकाशी दरवर्षी ठरावीक पुस्तकं द्यायचा करार झाला आणि मग कुठे त्याने शेअरबाजाराला रामराम ठोकला. आधी करार, मग राजीनामा. हा क्रम मी मित्राला दोनदा वाचून दाखवला.

फुरसुंगीचा बनेश

फास्टर फेणे हे प्रकरण यानंतरचं. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला बनेश फेणे. अंगाने काडी, सायकलवर वारा, तोंडात ‘ट्टॉक्’. सोबत सुभाष देसाई, शरद शास्त्री ही गँग. वीस पुस्तकं! काश्मीर झालं, प्रतापगड झाला, चक्रीवादळ झालं, विमानचोर झाले. पेपरात जे जे मोठ्यांसाठी घडत होतं, तिथे तिथे हा पोरगा सायकल घेऊन हजर.

वीस पुस्तकं एकाच पोराची म्हणजे काय, याचा कामाच्या अंगाने विचार करा. प्रत्येक वेळी नवा भूगोल. नवा खलनायक. पोरगा मात्र तोच, त्याच वयाचा आणि तितकाच उतावळा राहिला पाहिजे. मोठ्यांच्या कादंबरीत चार पानं हवामानावर गेली तरी समीक्षक टाळ्या वाजवतात. मुलांच्या पुस्तकात तिसऱ्या पानाला काही घडलं नाही की वाचक उठून खेळायला जातो. शिवाय हा माणूस फेण्यावरच थांबला नाही. पुस्तकांच्या मागे लागलेला बिपिन बुकलवार हाही त्यांचाच. बुकलवार! अशी आडनावं सुचायला डोक्यात कायम पोरं दंगा करत असावी लागतात.

घरात लिहिणारे ते एकटे नव्हते, हेही महत्त्वाचं. लीलावतीबाई स्वतः मुलांसाठी लिहीत आणि मुंबई आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ करत. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात त्यांचं नाव बऱ्याचदा ‘सौ.’च्या ओळीत जातं, हे मला जाम खटकतं. एक मासिक दोघांनी काढलं होतं, बॉस.

फळ मिळालं, पण सावकाश. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, सुमीत राघवन फास्टर फेणे झाला. भागवत २००१ मध्ये गेले. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारचा सिनेमा आला, अमेय वाघचा फेणे मोबाइल पिढीतला. आणि त्यात भा. रा. भागवतांचं पात्र रंगवलं दिलीप प्रभावळकरांनी. म्हणजे ‘बोक्या सातबंडे’ लिहिणाऱ्याने! ज्या ‘बोक्या’ला २०११ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला होता, त्याचा बाप फेण्याच्या बापाच्या भूमिकेत. कास्टिंग करणाऱ्याला सलाम.

बाकीचे सगळे पगारदार

भागवत हा अपवाद. बाकीची यादी काढली तर गंमत दिसते : मराठीत मुलांसाठी लिहिणारे बहुतेक सगळे कुठेतरी हजेरी लावणारे.

विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. १९६१ मध्ये ‘राणीची बाग’ आलं आणि पुढे तीस वर्षं अधूनमधून मुलांच्या कवितांची पुस्तकं येत राहिली. ज्यांना ज्ञानपीठ मिळालं तेच हे विंदा. दिवसा कॉलेजात शेक्सपिअर, घरी आल्यावर पिशीमावशी आणि तिची भुतावळ. वर्क-लाइफ बॅलन्स म्हणतात तो हाच असावा.

शांता शेळके तर आजच्या भाषेत मल्टिटास्किंगची कमाल. अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये पत्रकारिता, मग नागपूर आणि मुंबईच्या कॉलेजांत शिकवणं, सेन्सॉर बोर्ड. कविता, कादंबऱ्या, गाणी, मुलांचं लेखन. आणि लुइसा मे अल्कॉटच्या चार बहिणींना मराठीत आणणारी ‘चौघीजणी’, जी आपल्या आयांनी शाळेत असताना उशीखाली ठेवून वाचलीय. सेन्सॉर बोर्डावर असताना सिनेमाची गाणी स्वतःच्या नावावर कशी लिहायची? म्हणून त्या ‘डॉ. वसंत अवसरे’ झाल्या. मूनलाइटिंगवर एचआरची मेल येण्याच्या कितीतरी आधी!

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, वसतिगृह सांभाळायचे आणि तिथल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. रोज! पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. पाच दिवस. आपल्याला पाच दिवसांत एक प्रेझेंटेशन होत नाही.

हे जुन्या काळाचं झालं, असं वाटत असेल तर अलीकडचे साहित्य अकादमीचे मराठी बालसाहित्य पुरस्कार बघा. २०२३ : एकनाथ आव्हाड, कविता, मुंबई महापालिकेच्या शाळेतले शिक्षक. २०२४ : भारत सासणे, कादंबरी ‘समशेर आणि भूतबंगला’, आयुष्य गेलं प्रशासकीय सेवेत. २०२५ : सुरेश सावंत, पुन्हा कविता, ‘आभाळमाया’, नांदेडचे मुख्याध्यापक. सलग तीन वर्षं, तिघंही नोकरीतून आलेले.

आता हिशोब

मित्राला मी कागदावर मांडून दाखवलं. समज, तुझ्या पुस्तकाची किंमत दीडशे रुपये. रॉयल्टी दहा टक्के धरू. म्हणजे एका प्रतीमागे पंधरा रुपये. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर पंधरा हजार. आणि ती पूर्ण खपायला एक दिवाळी लागेल की तीन, ते विठ्ठलालाच ठाऊक. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तर पन्नास हजार. तो दरवर्षी एका भाषेत एकालाच मिळतो.

त्याने बराच वेळ कागदाकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘म्हणजे एक हप्तासुद्धा नाही.’’

नाही, एक हप्तासुद्धा नाही.

मला वाटलं, झालं, आता हा कादंबरी सोडतोय. पण त्याने विचारलं ते भलतंच. विंदा लिहायचे कधी? कॉलेज सुटल्यावर की आधी? मला ठाऊक नव्हतं. व्हर्नचं ठाऊक होतं, तेवढं सांगितलं. पहाटे.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती पुस्तकांत सापडत नाही. नोकरीमुळे त्याचं लिखाण अडतंय असं तो म्हणत होता, पण त्याच्या कादंबरीतलं सगळं चांगलं सामान नोकरीच्या रस्त्यावरूनच आलेलं आहे. मागांची खटखट त्याने ऐकली ती रात्रपाळी संपवून गावातून जाताना. त्याच्या हिरोचा दोस्त खोक्यांवरचे नंबर पाठ करतो, तो कुठून आला? राजीनामा देऊन कल्याणच्या खोलीत बसला असता तर प्रकरण आठमध्ये काय घातलं असतं, देव जाणे. अर्थात हे मी सांगणं सोपं आहे. रात्रपाळी करून परत पहाटे पाचला उठणं ज्याला जमतं त्याने मला शिकवावं. माझ्याच्याने जिमसुद्धा होत नाही.

आणखी एक. त्याच्या गोदामात मे महिन्याच्या आधी मुलांच्या पुस्तकांची खोकी येतात. त्यात मराठी पुस्तकं किती, हे त्याने मोजायला सुरुवात केलीय. आकडा सांगत नाही. ‘‘आधी माझं एक त्यात येऊ दे, मग सांगतो,’’ म्हणतो.

राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे. डिलीट केलेला नाही, मी विचारलं. शिफ्ट मात्र बदलून घेतलीय, दुपारची. गेल्या मंगळवारी पहाटे पाच चाळीसला मला व्हॉट्सअॅपवर आठवं प्रकरण आलं. मी नऊला उठून वाचलं. थांबलेला माग कुणाचा ते अजून कळलेलं नाही आणि माझी जाम चिडचिड झालीय.

माझं पार्सलही पोचलं, दोन दिवस उशिरा. भाच्याने पहिलं पुस्तक एका दुपारी उडवलं. संध्याकाळी घरात ‘ट्टॉक्’ सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. रात्री मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारतो, ‘‘मावशी, पुढची पुस्तकं कुठपर्यंत आली?’’

बघितलं. भिवंडी.